मक्यातील विष : मूठभर दाण्यांचा प्रश्न

पूर्व केनियात २००४ साली काविळीचे रुग्ण अचानक वाढले. नोंद झालेल्या ३१७ जणांपैकी १२५ दगावले. शोध घेता कारण घरातच सापडले. ओलसर अवस्थेत साठवलेल्या मक्यावर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. तिच्यापासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते. अल्प मात्रेत ते वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतालाही हे संकट अपरिचित नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने १०६ जणांचा बळी गेला होता.

हे विष उष्णतेला दाद देत नाही. भाकरी भाजली वा पीठ शिजवले तरी ते बरेचसे तसेच राहते. त्यामुळे मका दळण्यापूर्वीच उपाय करावा लागतो. येथे एक गोष्ट माणसाच्या पथ्यावर पडते. विष पोत्यातील सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. केनियात मक्यासाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे; पण एखाद्या दाण्यात याच्या हजारो पट विष आढळू शकते, तर शेजारचे दाणे निर्दोष असतात. तेवढे मोजके दाणे काढले की उरलेले धान्य बहुतांशी वाचते. (याच कारणाने पोत्यातून काढलेला लहानसा नमुना अनेकदा फसवा ठरतो.)

किडके, फुटके, रंग बदललेले दाणे निवडून टाकणे आणि पाखडून हलके दाणे वेगळे करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. त्याने विष खरोखरच कमी होते. मात्र वरून चांगले दिसणारे काही दाणेही विषारी असतात आणि ते डोळ्यांना चकवतात. मोठ्या कारखान्यांतील प्रकाशाधारित निवड यंत्रे हे काम करतात, पण त्यांची किंमत गावातल्या गिरणीला झेपणारी नाही. केनियात बहुसंख्य कुटुंबे आपल्याकडील दळणाप्रमाणेच मका ‘पोशो मिल’ नावाच्या छोट्या गिरणीतून दळून आणतात. अशा गिरण्या डोळ्यांसमोर ठेवून साध्या एलईडी दिव्यांचे एक यंत्र तपासण्यात आले. दाणा खाली पडत असताना त्यावर दृश्य व अवरक्त प्रकाशाच्या नऊ तरंगलांबी टाकल्या जातात. परावर्तित प्रकाशावरून दोष ओळखताच हवेचा झोत त्या दाण्याला बाजूला उडवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनियातील बाजारच्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन, तसेच फ्युमोनिसिन हे दुसरे बुरशीजन्य विष, सरासरी ८३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

खरी अडचण यंत्राबाहेरची आहे. त्या चाचणीत काही नमुन्यांतून चौथ्या हिश्शापर्यंत मका बाद झाला. ज्या घरात पुढच्या पिकापर्यंत धान्य पुरतच नाही, तेथे इतका मका फेकून देणे म्हणजे काही आठवड्यांची उपासमार. बाद मका कोंबड्यांना वा गुरांना घातला तर पक्षी आजारी पडतात आणि गाईच्या दुधातून विषाचा अंश पुन्हा मुलांच्या पेल्यात येतो. तो मका विकत घेऊन नष्ट करण्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर गिरणीवाल्याकडे नाही, शेतकऱ्याकडे तर नाहीच.