क्लाउड व डेव्हऑप्स अभियंता : अपेक्षित कौशल्ये आणि अनुभव

क्लाउड व डेव्हऑप्स अभियंता हा सॉफ्टवेअरची निर्मिती आणि त्याचे दैनंदिन संचालन यांना जोडणारा संगणक क्षेत्रातील तंत्रज्ञ होय. भाडेतत्त्वावर घेतलेल्या दूरस्थ संगणकांवर, म्हणजेच क्लाउडवर, सेवा उभारणे, त्यांतील बदल सुरक्षितपणे वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवणे आणि बिघाड झाल्यास सेवा पूर्ववत करणे ही त्याची प्रमुख कामे होत. नोकरीच्या जाहिरातींत साधनांची लांबलचक यादी आढळते. तथापि ज्येष्ठ पदांसाठी चालू सेवेची जबाबदारी प्रत्यक्ष पेलल्याचा अनुभव अधिक मोलाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

पूर्वी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालवणारे असे दोन वेगळे विभाग असत. पहिल्या विभागाला सतत बदल हवा असे, तर दुसऱ्याला स्थैर्य. या दोहोंतील संघर्ष मिटवण्याच्या प्रयत्नांतून डेव्हऑप्स ही कार्यपद्धती उदयास आली. इ.स. २००९च्या जून महिन्यात जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकर या संकेतस्थळावर दिवसातून दहाहून अधिक वेळा बदल कसे केले जातात, यावर व्याख्यान दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबवा यांनी बेल्जियममधील गेंट येथे ‘डेव्हऑप्सडेज’ ही परिषद भरवली आणि तिच्यामुळे हा शब्द रूढ झाला. तत्पूर्वी, २००६ मध्ये ॲमेझॉनने संगणक व साठवण भाड्याने देणाऱ्या सेवा सुरू केल्या होत्या. त्यामुळे सर्व्हर विकत घेऊन बसवण्याऐवजी आज्ञावलीद्वारे काही मिनिटांत उभारणे शक्य झाले.

तांत्रिक कौशल्ये

लिनक्स व नेटवर्क : क्लाउडवरील बहुसंख्य सेवा लिनक्सवर चालतात. प्रक्रिया, परवानग्या, नोंदवह्या अर्थात लॉग, डीएनएस आणि आयपी पत्त्यांची विभागणी यांचे ज्ञान हा या व्यवसायाचा पाया मानला जातो.

लेखन व आवृत्ती-नियंत्रण : बॅश, पायथन किंवा गो यांपैकी एखाद्या भाषेत छोट्या आज्ञावल्या लिहिता येणे अपेक्षित असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या साधनाचा सराव जवळपास सर्वत्र गृहीत धरला जातो.

कोडरूपातील पायाभूत रचना : सर्व्हर व नेटवर्क यांचे वर्णन लिखित स्वरूपात ठेवून त्यावरून ते उभारण्याची ही पद्धत होय. टेराफॉर्म (२०१४) हे त्यासाठीचे बहुप्रचलित साधन आहे. २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर ओपनटोफू हा पर्याय पुढे आला. साधने अशी बदलत असल्याने त्यांमागील तत्त्व उमगलेला उमेदवार अधिक काळ उपयोगी ठरतो.

कंटेनर : डॉकर (२०१३) व कुबरनेटीस (२०१४) यांच्या साहाय्याने सॉफ्टवेअर त्याच्या सर्व गरजांसह बांधून चालवले जाते.

स्वयंचलित चाचणी व वितरण : प्रत्येक बदल तपासून टप्प्याटप्प्याने चालू सेवेत नेणारी साखळी जेनकिन्ससारख्या साधनांनी उभारली जाते. बदल सदोष निघाल्यास तो मागे घेण्याची सोय हा तिचा अविभाज्य भाग असतो.

देखरेख, सुरक्षा व खर्च : प्रोमिथियससारख्या साधनांनी सेवेची स्थिती मोजणे, प्रत्येकास आवश्यक तेवढेच अधिकार देणे आणि विनावापर चालू राहिलेल्या संगणकांचे भाडे वाचवणे हीदेखील या अभियंत्याची कर्तव्ये आहेत.

अनुभवाचे महत्त्व

महिन्यातून ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायची, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटांचाच खंड चालतो, ९९.९९ टक्क्यांसाठी तो जेमतेम ४ मिनिटांवर येतो. इतक्या अल्पावधीत निर्णय घेण्याची क्षमता केवळ वाचनाने येत नाही.

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी रोखे-व्यवहार कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवे सॉफ्टवेअर चढवण्याचे राहून गेले. त्यावरील जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब येथे चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. नेहमीचे बॅकअप निकामी असल्याचे तेव्हाच लक्षात आले आणि सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवरून माहिती परत मिळवावी लागली. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीस एका आज्ञेतील चुकीच्या नोंदीमुळे ॲमेझॉनची उत्तर व्हर्जिनियातील साठवण सेवा काही तास कोलमडली. त्यानंतर कंपनीने संबंधित साधनातच मर्यादा घातली, जेणेकरून एकाच वेळी फार सर्व्हर काढले जाऊ नयेत.

या घटनांतून नियोक्त्यांच्या अपेक्षा स्पष्ट होतात. बॅकअप घेतला जातो एवढे पुरेसे नसून तो परत आणून पाहिलेला असावा लागतो. बदल लहान व मागे घेण्याजोगे असावे लागतात. आणि बिघाडाची चिकित्सा व्यक्तीला दोषी न ठरवता, व्यवस्थेतील उणीव शोधत करावी लागते. म्हणूनच मुलाखतीत अनेकदा उमेदवाराने हाताळलेल्या बिघाडाची हकिकत विचारली जाते. स्पष्ट लेखन आणि विविध विभागांशी संयमाने संवाद साधण्याची हातोटी यांनाही यामुळे महत्त्व येते.

भारतातील संदर्भ

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८च्या निर्देशानुसार देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर सुरक्षेच्या विहित घटनांची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे भारतीय सेवांसाठी काम करणाऱ्या अभियंत्यास नियमांचीही जाण असावी लागते.

प्रशिक्षण व प्रमाणपत्रे

या क्षेत्रात क्लाउड कंपन्यांची प्रमाणपत्रे प्रचलित आहेत. कुबरनेटीस प्रशासकाच्या परीक्षेत पर्यायी प्रश्नांऐवजी दोन तासांत चालू प्रणालीवर प्रत्यक्ष कामे करावी लागतात. अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांना खुल्या स्रोतांच्या प्रकल्पांत सहभागी होता येते. तसेच स्वतः उभारलेली छोटी सेवा मुद्दाम बंद पाडून पुन्हा उभी करण्याचा सरावही करता येतो. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘केऑस मंकी’ हे साधन याच तत्त्वावर, चालू सर्व्हर अचानक बंद करून, सेवेची सहनशक्ती तपासते.