न वाढणारा मुलगा

आपल्याकडे जशी दिवाळी, तसा जपानी माणसाच्या घरी नववर्षाचा सण. दूरदूरची मंडळी घरी जमतात, तांदळाच्या मोचीचे पदार्थ होतात, आणि वडीलधारी माणसे पाकिटात घालून मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. १९६३ सालच्या १ जानेवारीला, ऐन सणाच्या संध्याकाळी सव्वासहा वाजता, अशा पुष्कळ घरांतली मुले दूरचित्रवाणीच्या लहानशा कृष्णधवल पडद्यापुढे येऊन बसली होती. फुजी दूरचित्रवाणीवर ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे ‘लोखंडी बाहूंचा अणू’, ह्या मालिकेचा पहिला भाग त्या वेळी सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाची कथा हलत्या चित्रांतून सांगणारी जपानमधील ही पहिली मालिका होय. ‘अ‍ॅनिमे’ हा शब्द आज आपल्या घरातील शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. त्या अ‍ॅनिमेचा दूरचित्रवाणीवरील संसार ह्या अर्ध्या तासापासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

इतिहासात पहिलेपणाचा मान मिळाला की मग त्या वस्तूचे गुणदोष कोणी फारसे पाहत नाही. देव्हाऱ्यात ठेवलेल्या मूर्तीचे नाक नीट आहे की नाही हे कोण विचारणार? परंतु ह्या पहिल्या भागाचे गुणदोष तोलून पाहण्यात एक निराळीच मौज आहे. कारण ते दोन्ही एकाच मुळातून फुटलेले आहेत.

त्याचा कर्ता ओसामु तेझुका ह्याचा जन्म १९२८ चा. युद्धाच्या अखेरीस तो सोळा वर्षांचा होता आणि ओसाकातील कारखान्यात सक्तीने राबत होता. एप्रिल १९४५ मध्ये, शहर बाँबच्या आगीत होरपळत असता, त्याने ‘मोमोतारो’ नावाचा युद्धप्रचाराचा चित्रपट पाहिला. त्यातील प्रचाराहून त्यातल्या हलत्या चित्रांनीच त्याला वेड लावले. पुढे ओसाका विद्यापीठात त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण दवाखाना काही थाटला नाही. १९४७ मध्ये ‘शिन ताकाराजिमा’ ही त्याने चितारलेली चित्रकथा गाजली. तिच्या आरंभीच एक मोटारगाडी भरधाव धावते, आणि चौकटीमागून चौकट अशा रीतीने येते की, कॅमेराच तिचा पाठलाग करीत आहे असे वाटावे. ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा. तेझुकाने ह्या मांगाला चित्रपटाची दृष्टी दिली.

एप्रिल १९५१ मध्ये ‘शोनेन’ ह्या मुलांच्या मासिकात त्याची ‘आतोमु ताइशी’ ही कथा सुरू झाली. ताइशी म्हणजे राजदूत. जपानवर अजून परकीय सैन्याचा ताबा होता, आणि हिरोशिमावर अणुबाँब पडून जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती. अशा वेळी एका मुलाच्या आकाराच्या यंत्रमानवाला ‘अणू’ हे नाव देणे ही साधी गोष्ट नव्हे! कथाही वेळेला साजेशी होती. नष्ट झालेल्या एका जुळ्या पृथ्वीवरचे लोक आपल्या पृथ्वीवर आश्रयाला येतात, अन्न पुरेनासे होते, आणि तंटा विकोपाला जातो. आतोमु दोन्हींपैकी कोणत्याच माणसांचा नाही, म्हणून त्यालाच मध्यस्थ म्हणून पाठवितात. विश्वासाची खूण म्हणून तो चक्क आपले शिर काढून परक्यांच्या हवाली करतो. त्याचा स्वतःचा जन्मवृत्तांत ह्या मोठ्या कथेत एखाद्या उपकथेइतकाच येतो. हे दुय्यम पात्र मुलांना आवडले, आणि एप्रिल १९५२ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ ह्या नावाने त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली. ती १९६८ पर्यंत चालली.

बारा वर्षांनी पडद्यासाठी कथा निवडताना तेझुकाने ती उपकथाच उचलली, आणि जुळी पृथ्वी, परके लोक, राजदूत हे सारे बाजूस ठेवले. पहिल्या भागाचे नावच ‘आतोमुचा जन्म’. विज्ञान खात्याचा प्रमुख डॉ. तेन्मा ह्याचा एकुलता एक मुलगा तोबिओ वाहनाच्या अपघातात दगावतो. दुःखाने भ्रमिष्ट झालेला बाप खात्याची सारी शक्ती पणास लावून मुलाच्या रूपाचा यंत्रमानव घडवितो. त्याला बोलायला, चालायला शिकवितो. काही दिवस घर पुन्हा भरल्यासारखे वाटते. मग बापाच्या ध्यानात येते की, हे मूल वाढत नाही. उंची तेवढीच आहे. क्षणापूर्वीचे प्रेम तिरस्कारात पालटते, आणि तो त्याला सर्कशीत विकून टाकतो.

ही निवड हा ह्या भागाचा पहिला गुण. वीस-पंचवीस मिनिटांत दोन पृथ्व्यांचा कलह मावला नसता. एका बापाचा शोक मात्र मावला. मुलाच्या वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची रेघ ओढणाऱ्या कोणत्याही घराला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा गुण दारिद्र्यातून आला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून, महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात दाखविली होती. हलत्या चित्रांचे तंत्र मुळात हेच, फक्त रोपाच्या जागी माणसाच्या हातचे चित्र येते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. दोन चौकटींना एक चित्र धरले, तरी वीस मिनिटांसाठी १४,४०० चित्रे लागतात. तेझुकाच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ ह्या छोट्या संस्थेला दर आठवड्याला हे जमणे शक्यच नव्हते. म्हणून तीन चौकटींना एक चित्र आले. ते ९,६०० ही परवडेनात, तेव्हा शरीर स्थिर ठेवून केवळ ओठ हलविले, एकच चित्र कितीतरी वेळ तसेच ठेवले, आणि एकदा काढलेले उड्डाण जपून ठेवून पुढच्या भागांतून पुन्हा पुन्हा वापरले.

ह्या काटकसरीने काय साधले ते आतोमुच्या जन्माच्या प्रसंगी दिसते. मेजावर निजलेले ते पोरगे बराच वेळ हलत नाही. प्रकाश लखलखतो, यंत्रे घरघरतात, बाप टक लावून पाहत राहतो. चित्र थांबलेले असते, आणि म्हणूनच आपला श्वासही थांबतो. शेवटी डोळे उघडतात, तेव्हा ती एवढीशी हालचाल मोठ्या नृत्याहून परिणामकारक ठरते. मांगाने चित्रपटापासून गती घेतली होती. आता चित्रपटाने मांगापासून स्तब्धता घेऊन ते ऋण फेडले. त्यात मारि शिमिझु ह्या अभिनेत्रीचा आवाज आतोमुला लाभला, आणि हलत नसलेल्या चेहऱ्यात जीव आला.

दोषही तितकेच उघड आहेत. उत्तरार्ध धावतो. सर्कशीचा मालक नुसता खलपुरुष आहे. यंत्रांची झुंज येते, आग लागते, आतोमु छळणाऱ्यालाच वाचवितो; सहृदय प्राध्यापक ओचानोमिझु त्याच्या पाठीशी उभे राहतात, आणि यंत्रमानवांना मुक्तता देणारा कायदा होऊन सारे आटोपते. गुलामांना स्वातंत्र्य इतक्या सुखासुखी मिळाल्याचे इतिहासात कोठे आढळत नाही. शिवाय जी स्तब्धता शोकप्रसंगी शोभते, तीच झुंजीच्या वेळी कृपण वाटते. सर्वांत मोठी हानी म्हणजे तो राजदूत हरवला. नुकत्याच हरलेल्या देशातील मुलांना, शत्रूपुढे शिर ठेवून विश्वास मिळविणारा नायक लाभला होता. पडद्यावर प्रथमदर्शनी उरला तो एक लाख अश्वशक्तीचा बलदंड पोर.

आणखी एक दोष पडद्यावर दिसत नाही. ही मालिका खर्चाहून कमी किमतीत विकली गेली, आणि तूट मिठाईच्या कंपन्यांकडून व चित्रांच्या हक्कांतून भरून काढावी लागली. तेझुका वारल्यावर, १९८९ मध्येच, हायाओ मियाझाकी ह्या थोर दिग्दर्शकाने स्पष्ट लिहिले की, ह्या पायंड्याने पुढच्या साऱ्या धंद्याला अपुऱ्या पैशात राबण्याची सवय लागली. मृताविषयी असे लिहिणे कठोर खरे, पण मुशी प्रॉडक्शनचेही १९७३ मध्ये दिवाळे निघाले होते हे विसरता येत नाही. मुलांच्या आनंदासाठी रात्री जागविणाऱ्या चित्रकारांचा हिशेब कोणत्याही समीक्षेत धरलाच पाहिजे. असे असूनही १९६६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत मालिकेचे १९३ भाग झाले, आणि पहिल्याच वर्षी ती अमेरिकेतही पोहोचली.

मग ह्या भागाचे माप कोणत्या काट्याने घ्यावे? मासिकातली मूळ कथा जपून ठेवणारा वाचक म्हणेल, हे आमच्या कथेसारखे नाही. डिस्नेचे चित्रपट पाहिलेला रसिक म्हणेल, हे पुरेसे हलत नाही. दोघांचे म्हणणे खरे आहे. परंतु थोडे थांबून पाहिले, तर डॉ. तेन्माची तक्रारही हीच होती. त्याने तोबिओचा शोध घेत आतोमुकडे पाहिले, आणि जे नाही तेवढेच त्याला दिसले. ओचानोमिझुंनी त्याच पोराकडे पाहिले, तेव्हा त्यांना रडू शकणारा, दुसऱ्याला वाचविणारा एक वेगळाच जीव दिसला.

एका कलेतून दुसऱ्या कलेत आलेली कृती ही अशीच असते. ती गेलेल्या मुलाची जागा भरून काढीत नाही; तिचे स्वतःचे चालणे तिला शिकावे लागते. तिचे व्यंग झाकू नये, तिच्यासाठी कोणाचा घाम स्वस्तात गेला तेही सांगावे. पण तिला सर्कशीत मात्र विकू नये. ह्या सुट्टीत आपली नातवंडे पडद्यापुढे बसून असले काही पाहत असतील, तर त्यांच्या शेजारी जरा टेकून पाहावे. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ मनात असलेल्या माणसाला त्या न वाढणाऱ्या मुलाची ओळख करून द्यावी लागणार नाही.