चंद्रपुरात काय पाहावे: दीक्षाभूमी, परकोट आणि विजासन

गडचांदूर, कोरपना, जिवतीकडचे आपण लोक चंद्रपूरला जातो ते दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेला, नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात. शहर पाहायला कोणी जात नाही. गावातल्या मुलामुलींना घेऊन आम्ही तशा फेऱ्या काढतो. त्या अनुभवावरून ही माहिती देत आहोत.

सुरुवात दीक्षाभूमीपासून करावी. 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची दीक्षा सर्वांना पाठ असते. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली, हे मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या कित्येक मुलांना ठाऊक नसते. त्यानंतर 51 दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चांद्याच्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. ते याच शहराचे. पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. दीक्षाभूमीच्या परिसरातच डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला इथे धम्मचक्र अनुप्रवर्तन सोहळा भरतो.

आपल्या भागासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. त्या ऑक्टोबरात राजुरा तालुका, म्हणजे आजचा कोरपना-जिवतीचा पट्टाही, हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. चांदा जिल्ह्यात तो आला 1959 साली. तेव्हा आपल्याकडून जो कोणी दीक्षेला गेला, तो नुसती वर्धा नदी नाही, राज्याची हद्द ओलांडून गेला. ती पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. घरात किंवा वस्तीत असे कोणी आजी-आजोबा असतील तर दीक्षाभूमीला जाण्याआधी त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर आवाज टिपून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

मग परकोट. गोंड राजांनी बांधलेल्या या तटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. तटावर माजलेली झाडेझुडपे 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हातांनी काढली, तेव्हा कुठे लोकांना बुरूज दिसले. अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. वीरशहाची समाधी राणी हिराईने बांधली, तिचे कोरीव काम निवांत पाहावे.

जिल्हा कारागृहाच्या आवारात शहीद बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिली गेली. जागा कारागृहाची असल्याने आत जाण्याआधी परवानगी विचारावी. 16 आणि 21 ऑक्टोबरमध्ये पाचच दिवसांचे अंतर. पण आपली मुले एका तारखेला शहरात येतात आणि आदिवासी मुले दुसऱ्या तारखेला, हे आम्हाला खटकते. दोन्ही दिवस दोघांनी यावे.

विजासन लेणी शहरात नाहीत, भद्रावतीला आहेत. चंद्रपूरहून नागपूर रस्त्याने साधारण पाऊण तास. टेकडीत सरळ आत गेलेला लांब बोगदा, शेवटी गाभाऱ्यात बसलेली बुद्धमूर्ती, आणि काटकोनात फुटणाऱ्या दोन बाजूंच्या दालनांतही एकेक मूर्ती. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. अजिंठ्यासारखी चित्रे इथे नाहीत आणि मूर्ती झिजल्या आहेत. तरी अंधारात डोळे सरावू द्या. टॉर्च न्यावा, पण भिंतींना हात लावू नये, अगरबत्ती-मेणबत्ती आत पेटवू नये. धुराने दगड काळा होतो. आपलीच माणसे हे करतात म्हणून सांगावे लागते.

एका दिवसात सगळे होत नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाल्यास दीक्षाभूमी, जटपुरा गेट आणि समाध्या होतात. भद्रावतीसाठी वेगळा दिवस ठेवावा. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की राजुऱ्याकडचा रस्ता बंद पडतो, भोयगावच्या पुलाचाही भरवसा नसतो. निघण्याआधी बसस्थानकात विचारून घ्यावे.