डफ मोहीम

डफ मोहीम (१७९६–९८) : दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवर ख्रिस्ती धर्मप्रसार करण्यासाठी ‘डफ’ या जहाजातून लंडनहून गेलेली ३० मिशनऱ्यांची तुकडी. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे लंडन मिशनरी सोसायटी या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेचा हा पहिलाच उपक्रम. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला गेला तो एक सहकारी आणि बायकामुले यांच्यासह. इथे मात्र एक छोटी वसाहतच जहाजात भरली होती. दीक्षा झालेले पाळक त्यांत चारच. बाकीचे सुतार, गवंडी, विणकर, शिंपी, मोची. बेटवाल्यांना आधी हातचे कसब शिकवावे, धर्म मागोमाग येईल, असा चालकांचा हिशेब होता.

कप्तान जेम्स विल्सन याचे पूर्वायुष्य हिंदुस्थानात गेले होते. फ्रेंचांच्या कैदेतून निसटून त्याने कोल्लिडम नदी पोहून पार केली. पण हैदर अलीच्या स्वारांनी त्याला धरले आणि श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात टाकले. एके काळचा हा नास्तिक पुढे श्रद्धावान बनला आणि या सफरीवर बिनपगारी गेला. मिशनरी उतरवून झाल्यावर त्याने कँटनला ईस्ट इंडिया कंपनीचा चहा भरला व १७९८ मध्ये तो लंडनला परतला. धर्मकार्याच्या खर्चाला व्यापाराचा हातभार लागला तो असा.

केप हॉर्नच्या वादळांपुढे माघार घेऊन जहाज पूर्वेकडे वळले आणि आफ्रिकेला वळसा घालून मार्च १७९७ मध्ये ताहितीच्या मातावाई उपसागरात पोहोचले. होड्यांची झुंबड उडाली. लोक डुकरे व फळे घेऊन थेट डेकवर चढले. पण रविवार असल्याने पाहुण्यांनी सौदा करायला नकार दिला आणि त्या गर्दीतच उपासना मांडली. गंमत अशी, की पूर्वेकडे प्रवास करत आल्यामुळे त्यांची तारीख एका दिवसाने पुढे होती. आजच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेप्रमाणे ताहितीत तो शनिवार होता, आणि मिशनने ही चुकीची वारगणना पुढे अनेक दशके चालवली.

ताहितीत १८ जण राहिले, टोंगाला १० गेले, मार्क्वेसास बेटांसाठी दोघे उरले. त्यांपैकी हॅरिस पहिल्याच मुक्कामात बिथरला. यजमान सरदाराने सौजन्य म्हणून आपली पत्नी त्याच्यापाशी ठेवली; त्याने तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा हा पुरुष तरी आहे का, याची काही स्त्रियांनी तो झोपेत असताना खातरजमा केली. दुसरे दिवशी तो किनाऱ्यावर पेटीवर बसलेला सापडला व परत गेला. विशीतला क्रूक मात्र एकटा मागे राहिला. टोंगात १७९९ च्या यादवीत तिघे मारले गेले, उरलेले पुढच्या वर्षी निघून गेले. त्यांच्यातला जॉर्ज व्हेसन आधीच मिशन सोडून गोंदवून घेऊन टोंगन झाला होता. इंग्लंडला परतल्यावर तो नॉटिंगहॅमच्या तुरुंगाचा अधिकारी बनला. ताहितीतूनही ११ जण १७९८ मध्येच सिडनीकडे निघाले. संस्थेने ‘डफ’मधूनच दुसरी मोठी तुकडी धाडली, ती १७९९ मध्ये रिओजवळ फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाच्या हाती लागली.

अपयशाचे खापर बेटवाल्यांच्या माथी फोडण्याची प्रथा मिशनच्या इतिहासांत आहे. ती पटण्याजोगी नाही. कापड विणण्याची वा जोडे शिवण्याची विद्या तिथे कोणी मागितली नव्हती. हवे होते ते लोखंड आणि बंदुका. निवड भक्ती व हुन्नर पाहून झाली, भाषा शिकण्याची चिकाटी कोणी पाहिली नाही. ती ज्याच्यापाशी निघाली तो हेन्री नॉट हा गवंडी. ताहितीतील १८०८ च्या लढाईत बहुतेक सहकारी पुन्हा पळाले तरी तो टिकला. तिथला राजा दुसरा पोमारे याने १८१५ मध्ये विरोधकांचा पाडाव केला आणि १८१९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे धर्मांतर झपाट्याने झाले, आणि त्यात उपदेशाइतकाच वाटा राजसत्तेचा होता. नॉटने हाती घेतलेले ताहितियन बायबल १८३८ मध्ये छापून पूर्ण झाले. तो १८४४ मध्ये ताहितीतच वारला. सॉलोमन द्वीपसमूहातील डफ बेटांना या जहाजाचे नाव आहे, आणि फ्रेंच पॉलिनेशियात ५ मार्च हा मिशनरींच्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो.