सात झू, एक रानपिंगळा आणि मामांचा प्रश्न

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात कुठे गायब होतो, असं दोघातिघांनी विचारलं. उत्तर सोपं आहे, प्राणी बघत होतो. गेल्या बारा महिन्यांत सुरत, बडोदे, पुणे, मुंबई, संभाजीनगर आणि नागपूर अशा सहा गावांतली प्राणिसंग्रहालयं पाहून झाली. नागपुरात दोन, म्हणजे एकूण सात. आमच्या घरी याला सरळ 'खूळ' म्हणतात. आई दर वेळी बॅग भरताना अहिराणीत एकच वाक्य टाकते, "वाघ देखाले इतला दूर जास का रे?"

दिवाळीत सगळे शहाद्याला जमलो तेव्हा धाकट्या मामांनी विषय काढला. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एकही झू नाही, मग तू एवढी झू बघतोस तर तूच मागणी का करत नाहीस? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फराळाचं ताट पुढे ओढलं. :) उत्तर एका वाक्यात बसणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुरतेपासून सुरुवात करतो, कारण ते आम्हाला सगळ्यात जवळ. तापी लाईनची गाडी पकडली की झालं. सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय सुरत महापालिकेनं १९८४ मध्ये तापीकाठी उभं केलं. तिथली पाणमांजरं मी तासभर बघत बसलो. पाण्यात सूर मारायचा, वर यायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं, परत सूर. हीच तापी आमच्या प्रकाशावरून वाहत तिकडे जाते. एका नदीचं पाणी दोन गावांना, आणि त्या नदीतला प्राणी बघायला आम्ही तिकीट काढून खाली जातो, हा विचार तेव्हाच डोक्यात शिरला. पुढे प्रत्येक ठिकाणी तो माझ्याबरोबर होता.

बडोद्याला गेलो ते मात्र इतिहासासाठी. सयाजीबाग, म्हणजे जुन्या लोकांची कमाटीबाग, १८७९ सालची. सयाजीराव महाराज तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. महाराजांचं जन्मगाव कवळाणे, मालेगाव तालुक्यातलं, म्हणजे आमच्या खान्देशाला अगदी खेटून. शेतकऱ्याघरचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसतो ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण गादीवर आल्यावर त्याच्या संस्थानात प्राण्यांचं काय चाललं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

चालली होती साठमारी! आजकाल हा शब्द राजकारणाच्या बातम्यांपुरता उरलाय, पण बडोद्यात तो खरा खेळ होता. अगड नावाचं भिंतींनी वेढलेलं मोठं मैदान आणि त्यात हत्तींची झुंज. १८६० च्या दशकात, खंडेराव गायकवाडांच्या काळात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी तिथे राहून गेला. त्यानं गेंड्यांच्या झुंजीचंही वर्णन केलंय. प्रेक्षकांना दोघे वेगळे ओळखू यावेत म्हणून एक गेंडा काळा आणि दुसरा लाल रंगवलेला. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज बडोद्याला आला तेव्हा त्यालाही पाहुणचार म्हणून अगडातल्या झुंजी दाखवल्या. आणि त्यानंतर चारच वर्षांत त्याच शहरात विश्वामित्रीच्या काठी, सामान्य माणसाला कुटुंबासह फिरता येईल अशी बाग आणि तीत प्राणी. साठमारी लगेच बंद पडली असं नाही. पण प्राणी झुंजवायचा नाही, नुसता बघायचा, ही कल्पना मात्र तिथे रुजली. मला हे अंतर फार मोठं वाटतं.

पुण्यात हाच प्रवास तीन टप्प्यांत दिसतो. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. सवाई माधवरावांना प्राण्यांचा, विशेषतः हरणांचा, फार नाद. पण तो शिकारखाना दरबाराचा, तुमच्याआमच्यासाठी नव्हे. पुढे १९५३ मध्ये पुणे महापालिकेनं सारसबागेशेजारी पेशवे पार्क सुरू केलं. ज्यांचं बालपण पुण्यात गेलं त्यांना ते पिंजरे आणि १९५६ पासून धावणारी 'फुलराणी' नक्की आठवत असेल. माझ्या आत्याकडे सुट्टीला गेलो की आम्हीही जायचो. सिंहाच्या पिंजऱ्याचा तो उग्र वास अजून नाकात आहे. तिसरा टप्पा कात्रजचा. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं तिथे सर्पोद्यान झालं, १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, आणि २००५ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलवले गेले. एकशे तीस एकर जागा, त्यात तलाव, गजांऐवजी खंदक. भाची बरोबर होती. ती अर्धा तास वाघ शोधत होती आणि तो झाडीत झोपलेला. ती वैतागली, मला बरं वाटलं. प्राण्याला लपता येतं म्हणजे थोडीफार त्याच्या मनासारखी जागा आहे.

ही खंदकाची युक्ती जर्मनीच्या कार्ल हागेनबेकची. त्यानं १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय उघडलं. गंमत म्हणजे हा माणूस मुळात जनावरांचा व्यापारी, जगभरातून प्राणी पकडून आणून विकणारा. आपल्याकडे ही पद्धत सगळीकडे पोचायला बरीच दशकं गेली.

मुंबईच्या राणीबागेत मी झाडं बघत फिरलो. तिथे आधी बाग आली, प्राणी नंतर. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअरच्या हस्ते ती उघडली. तीन हजारांवर झाडं आहेत आणि ती वाचवायला मुंबईकर रस्त्यावर आलेले आहेत. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं म्हणून उचलताना तो फुटला, तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये ते जोडले. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर वातानुकूलित कक्षात हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ मध्ये सोलहून आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी गेला, बाकीचे २०१७ च्या मार्चपासून लोकांना दिसू लागले. रांग अर्थातच पेंग्विनला. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात बघताना पोरांचे चेहरे फुलतात, ते खोटं नाही. मीही रांगेत होतोच.

संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात वाघ बघितले. तिथली 'शक्ती' आणि 'करिश्मा' ही जोडी २०२० च्या फेब्रुवारीत राणीबागेत पाठवली गेली होती. पिंजऱ्यात जन्मलेला वाघ एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, बदल्यात दुसरे प्राणी येतात. जंगलातून वाघ पकडून आणायचे दिवस कायद्यानं संपवले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९९१ च्या दुरुस्तीनं त्यात प्राणिसंग्रहालयांसाठी आलेलं वेगळं प्रकरण, १९९२ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण. या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय आता झू चालवता येत नाही. प्राण्यांना खिजवणं हाही गुन्हा आहे. (एका ठिकाणी हे लिहिलेल्या पाटीला टेकूनच एक गृहस्थ माकडाला वेफर्स देत होते. गाव सांगत नाही.) सर्कशीतले वाघ-सिंह-अस्वलंही याच काळात गेले. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ती बंदी कायम केली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली तेव्हापासून आमच्यासारख्या आडगावांना वाघ दिसायचा तो तंबूतच. बंदी आली ते बरंच झालं.

नागपुरात दोन काळ शेजारी शेजारी आहेत. भोसल्यांच्या बागेतलं महाराजबाग १८९४ पासूनचं, आता कृषी विद्यापीठाच्या ताब्यातलं. आणि २६ जानेवारी २०२१ ला उघडलेलं गोरेवाडा. गोरेवाड्यात आपण बसमध्ये बंद आणि प्राणी बाहेर मोकळे. मला विचाराल तर सातांतलं सगळ्यात पटलेलं हेच.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण मामांचा प्रश्न तिथला आहे.

जेम्स आउटरम हे नाव खान्देशात परिचित आहे. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करायला तो इथे आला. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीच्या हिशेबात १९१ वाघ, १५ बिबटे आणि २५ अस्वलं धरली जातात. एका साहेबाच्या खात्यावर १९१! म्हणजे तापीचं खोरं आणि सातपुडा तेव्हा काय असेल, कल्पना करा. नवापूरकडच्या आणि डांगातल्या आदिवासी गावांत वाघबारशीला आजही वाघदेवाची पूजा होते. देव जागेवर आहे, पण आज आमच्या जिल्ह्यात वाघाची वस्ती नाही. गोळी होती, मग कुऱ्हाड आली, मग नांगर आला. आईचा प्रश्न मला इथे नीट कळतो. वाघ बघायला लांब जावं लागतं, कारण जवळचा आपण शिल्लक ठेवला नाही.

बिबट्या मात्र टिकला, उसात. गेल्या काही वर्षांत तळोदा, अक्कलकुवा भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लहान मुलंसुद्धा. ज्या घरातलं पोर गेलं तिथे जाऊन प्राणिप्रेमाचं व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही. "सगळे धरून झूमध्ये टाका" असं लोक म्हणतात तेव्हा त्यातली भीती खरी असते. पण मी सात झू पाहिली आहेत. झू म्हणजे नकोशा जनावरांचं गोदाम नव्हे. एका बिबट्याला जागा, मांस, डॉक्टर, रखवालदार लागतो, आणि तो पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. ऊस आणि जंगल शेजारी आहेत तोवर रिकाम्या जागी दुसरा बिबट्या यायचाच. तिथे लागतो तो उजेड, गोठ्याला दार, अंगणात झोपायची वेळ येऊ नये असं घर आणि वेळेवर पोचणारं वनखातं.

आणि आता रानपिंगळा. हे आमचं खरं वैभव, आणि आमच्याच लोकांना सांगावं लागतं. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं (हो, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच) या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने सात. शेवटचा खरा नमुना १८८४ मधला, जेम्स डेव्हिडसननं आमच्या खान्देशातूनच घेतलेला. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं सांगितलं की १९१४ मध्ये त्याला गुजरातेतल्या मांडवीजवळ एक मिळाला. अनेक वर्षांनी पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला. तो नमुना लंडनच्या संग्रहालयातूनच चोरलेला, नव्यानं भरलेला आणि खोटी पाटी लावलेला होता! ती पाटी बाजूला सारून ते एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या पाट्यांच्या मागे निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पानगळ झालेल्या झाडावर दिवसाउजेडी रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. आमचा जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो १ जुलै १९९८ चा. पक्षी जिल्ह्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा!

ही ११३ वर्षं त्याला कोणी पिंजऱ्यात जपलं नव्हतं. सागाच्या जुन्या झाडांतल्या ढोल्या होत्या, म्हणून तो होता. वर्षभरात सातांपैकी एकाही झूमध्ये मला तो दिसला नाही, आणि खरं सांगू, ते बरंच वाटलं.

तर मामा, उत्तर असं. मला झू आवडतात आणि पुढच्या वर्षीही मी जाणार. शहरातल्या पोराला वाघाचा श्वास ऐकू येईल अशी दुसरी जागा नाही, आणि चांगलं झू आज दुर्मिळ प्राण्यांची वीण जपतं. पण नंदुरबारला झू नको. आपल्याकडे अजून जे बाहेर मोकळं आहे, त्यासाठी तेवढाच पैसा आणि तेवढीच माणसं मागू या. ढोलीचं झाड तोडू नका म्हणून, उसाशेजारच्या वस्तीला दिवे द्या म्हणून. आणि शाळेच्या सहली सुरतेला जातात तशा एक दिवस तोरणमाळच्या वाटेवरही थांबू देत.

थंडीत सकाळी उन्हं अंगावर घेत रानपिंगळा बसतो. या डिसेंबरात कोणाला यायचं असेल तर कळवा. दुर्बीण माझ्याकडे आहे, डबा तुम्ही आणा. बोलायचं मात्र हळू.