घोडा, लगाम आणि गादी : माद्रिदची तीन चित्रं

आपल्याकडे गावोगावच्या चौकांत अश्वारूढ पुतळे आहेत. घोड्यावरचा राजा बघायची आपल्या डोळ्यांना इतकी सवय, की त्याबद्दल प्रश्नच पडत नाही. आज तो पाडून घेऊ. राजाला घोड्यावर बसवून चित्रकार नेमकं काय सांगत असतो? त्यासाठी माद्रिदच्या राजदरबाराशी जोडलेली तीन चित्रं पाहू.

पहिलं तिशियनचं, १५४८ सालचं. सम्राट पाचवा चार्ल्स, म्हणजे स्पेनचाही राजा. २४ एप्रिल १५४७ रोजी त्यानं जर्मनीत म्यूलबर्गच्या लढाईत प्रोटेस्टंट संस्थानिकांचा पराभव केला. त्या विजयाचं हे चित्र, पण यात लढाई कुठे आहे? शत्रू नाही, प्रेतं नाहीत, सैन्यही नाही. आहे तो एकटा स्वार, अंगात चिलखत, हातात भाला. चार्ल्सला गाऊटचं, म्हणजे सांधे सुजवणारं दुखणं होतं. चेहऱ्यावरचा थकवा तिशियननं लपवलेला नाही. पण लगाम एका हातात आहे आणि घोडा पूर्ण ताब्यात. त्या काळी युरोपात राज्य चालवणं आणि घोडा चालवणं यांची तुलना सर्रास होत असे. इतकं ताकदवान जनावर जो जोर न लावता सांभाळतो, तो प्रजाही सांभाळेल, असा हा दावा.

दुसरं चित्र वेलाझ्केझचं, साधारण १६३५ चं. घोड्यावर आहे राजपुत्र बाल्तासार कार्लोस. पाचवा चार्ल्स त्याचा खापरपणजोबा. मुलाचं वय जेमतेम पाच-सहा, पण घोडा मागच्या पायांवर उभा आणि मुलाच्या हातात सेनापतीचा दंड! घोड्याचं पोट जरा जास्तच फुगलेलं वाटतं. कारण हे चित्र ब्वेन रेतिरो राजवाड्यातल्या दरबारी दालनात दरवाज्याच्या वर लावायचं होतं, बघणारा खालून बघणार होता. दोन्ही बाजूंना आई-वडिलांची अश्वारूढ चित्रं. दरबारात येणाऱ्या वकिलांना सांगायचं होतं, की वारस तयार आहे. पण तो वारस १६४६ मध्ये, सतरावं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. पुढे १७०० साली त्याचा सावत्र भाऊ निपुत्रिक वारला आणि स्पेनमधला हा वंश संपला. हे कळल्यावर चित्रातला तो दंड फार जड वाटायला लागतो.

आता तिसरं. डाव्हिडनं १८०१ मध्ये काढलेला, आल्प्स ओलांडणारा नेपोलियन. उधळलेला घोडा, वाऱ्यावर उडणारा झगा, वर रोखलेला हात. प्रत्यक्षात मे १८०० मध्ये तो सैन्याच्या मागून, खेचरावर बसून, वाटाड्याबरोबर घाट चढला होता. चित्रासाठी समोर बसायलाही त्यानं नकार दिला. खाली खडकावर तीन नावं कोरलेली दिसतात : बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमेन. ज्याच्यामागे राजघराणं नव्हतं, त्याला चित्रकारानं पूर्वज मिळवून दिले.

आणि हे चित्र मागवलं कोणी? स्पेनच्या राजानं, चौथ्या चार्ल्सनं. ते माद्रिदच्या राजवाड्यात लागलं. १८०८ मध्ये नेपोलियननं याच राजघराण्याकडून गादी काढून घेतली आणि आपला भाऊ जोसेफ याला तिच्यावर बसवलं. म्हणजे पाहुणा आधी भिंतीवर आला, मग घरात.

तिन्ही चित्रं एकत्र ठेवली, की एक गोष्ट लक्षात येते. एकाकडे तब्येत नव्हती, दुसऱ्याकडे वय नव्हतं, तिसऱ्याकडे वंश नव्हता. जे कमी होतं ते घोड्यानं भरून काढलं. म्हणून अशा चित्राला आपण घटनेचा साक्षीदार मानायचं नाही. तो एका बाजूचा वकील आहे. पण वकिलाचं बोलणंही इतिहासाला उपयोगी असतं. तो ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त जोर देतो, तिथेच बहुधा अशिलाची बाजू लंगडी असते.

तेव्हा पुढच्या वेळी घोड्यावरचा सत्ताधीश दिसला, की आधी लगाम बघू. मग विचारू : हे कोणी करून घेतलं, कोणाला दाखवायला, आणि त्यांना धास्ती कशाची होती?