लघवीतून टीबीचं निदान : सोन्याचे नॅनोकण काय सांगतात, काय सांगत नाहीत

शिवडीचं टीबी हॉस्पिटल परळ-लालबागकरांना वेगळं सांगायला नको. टीबीची सर्वांत जुनी तपासणीही ओळखीची आहे : बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. अडचण अशी, की जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. लहान मुलांना बेडका काढताच येत नाही. एचआयव्हीबाधितांच्या बेडक्यात जंतू कमी असतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचे, तर काही आठवडे जातात.

नॅनोतंत्रज्ञान उपयोगी पडतं ते इथे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचे काही दशक नॅनोमीटरचे कण पाण्यात पिवळे नव्हे, लाल दिसतात. गरोदरपणाच्या अनेक किटवरची लाल रेघ याच कणांची असते. टीबीच्या जंतूच्या आवरणातला 'लॅम' नावाचा घटक लघवीत उतरतो. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं या कणांवर बसवली, की लघवीचे काही थेंब टाकल्यावर अर्ध्या तासाच्या आत पट्टीवर रेघ उमटते. एचआयव्हीबाधितांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही चाचणी सुचवली. पुढच्या एका चाचणीत सोन्याच्या कणांवर चांदी चढवून फिकट रेघही ठळक करतात.

दुसरी वाट चुंबकाची. लोहाच्या ऑक्साइडचे शर्करेने मढवलेले नॅनोकण जंतूंना चिकटतात, मग चुंबकाने ते एका जागी गोळा करता येतात. सूक्ष्मदर्शक मात्र जुनाच चालतो! ही पद्धत नेपाळमध्ये तपासून पाहिली गेली आहे.

पण लॅमची पहिली पट्टी लक्षणं असलेल्या एचआयव्हीबाधितांमधले निम्म्याहून कमी टीबीरुग्ण पकडते. रेघ आली नाही म्हणजे टीबी नाही, असं नव्हे.

शिवाय मुंबईचा प्रश्न आणखी पुढचा आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्याला काय नाव द्यावं यावर वाद झाला. केंद्र सरकारने 'पूर्णतः औषधप्रतिरोधी' हा शब्द मानला नाही. कोणतं औषध चालेल, हे सोन्याची रेघ सांगत नाही. त्यासाठी जंतूची जनुकं तपासणारी यंत्रं लागतात : जीनएक्सपर्ट, किंवा गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट. जीनएक्सपर्ट सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, दोन्ही सांगतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते.